आईच्या मांडीवरची जागा

अण्णा, काल मी मुलावर ओरडले आणि आवाज तुमचा निघाला. म्हणून लिहायला बसले आहे.

पिंपरीतला तुमचा स्टुडिओ आठवतो. नव्या कारखान्यात लागलेली माणसं गावी फोटो धाडायचा म्हणून यायची आणि तुम्ही त्यांना रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यापुढे उभं करायचात. आईचा मात्र एकच फोटो होता, कासारवाडीच्या खोलीमागे काढलेला. पाठीमागे वाळत घातलेली धोतरं, मांडीवर तान्ही मी. निगेटिव्हची काच कधीच फुटली होती, उरली होती ती एवढीच प्रत. आई तापानं गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि मलाही तोच ताप होता.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा. मी स्टुडिओतल्या बाकावर पांघरूण घेऊन पडले आहे आणि तुम्ही ब्लेडनं आईच्या कडेकडेनं कापत आहात. धोतरं गेली, मग मी गेले. तिला तळ्याच्या चित्रावर चिकटवलंत, रिकाम्या मांडीवर ब्रशनं पदर रंगवलात आणि त्याचा नवा फोटो काढलात.

"अण्णा, मला का काढलं?"

"हार घालायचाय त्याला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत."

पुढे मला या कामातलं थोडं कळू लागलं आणि डोकंच फिरलं. आधी त्या फोटोचाच फोटो काढून ठेवता आला असता. तुमच्यासारख्या कसबी माणसाला एवढं सुचू नये? लग्नानंतर एकदा तोंडावर विचारलंही. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. तो राग तुम्ही गेल्यावरही मी सोडला नाही.

काल मोशीच्या घरात मुलानं भिंतीला हिरवं कापड लावून दीड वर्षांच्या नातीला त्यापुढे बसवलं. कॉम्प्युटरवर हिरवं तेवढं गळून गेलं, पोर एकटी उरली. मग मला हाक मारली. "आई, बघ तरी!" तुम्ही केलेल्या त्या तळ्याच्या फोटोत, माझ्या आईच्या मांडीवर माझी नात, खुदखुदत. तो बिचारा मला खूश करायला निघाला होता.

"काढ तिला तिथनं! आधी काढ!"

"अगं, काढतो. निदान एक कॉपी ठेवू?"

"एकही नको."

तेव्हा कळलं, अण्णा. तुम्हाला सुचलं नव्हतं असं नाही. तापानं फणफणलेली पोर तुम्हाला गेलेल्या आईच्या हातांतून सोडवून घ्यायची होती. आणि मी तुम्हाला जन्मभर बोल लावला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. नात शेजारच्या खोलीत दुपारची झोपली आहे. खरं सांगते, एवढं लिहिताना दोनदा उठून तिच्या कपाळाला हात लावून आले.