डफ हातात असताना

अटलांटा,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रमिलाआत्या,
सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना? मी बरी आहे. लॅबमधलं काम रखडलंय, थंडी सुरू झालीय, तू दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली.

गेल्या रविवारी फोनवर मी तुला म्हटलं, कार्यक्रम छान झाला, तुझा डफ सगळ्यांना आवडला. ते खोटं होतं. आठवडाभर मला धड एका जागी बसवत नाहीये. फोन केला तर पुन्हा खोटंच बोलेन, म्हणून हे लिहून फोटो पाठवतेय.

रोशेल माहीत आहे ना तुला, माझी नाटक शिकणारी मैत्रीण? युनिव्हर्सिटीचं मोठं पार्किंग आहे, तिथे पूर्वी ब्लॅक लोकांची वस्ती होती. तिच्या आजीचं घर तिथलंच, पाडलेलं. रोशेल आणि तिच्या सात मैत्रिणी तिथे उभ्या राहतात, पाय आपटून, मांड्यांवर थापा मारून ताल धरतात आणि एकेका घरातल्या माणसांची नावं पुकारतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. मला तुझा भीमगीतांचा जलसा आठवला. तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तर म्हणाली, "मग वाजव की आमच्याबरोबर!"

त्या फोनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कार्यक्रम ऐन रंगात असताना कॅम्पसचे पोलीस आले. "परवानगी नाही, थांबा." त्या थांबल्या नाहीत. माझा हात मात्र थांबला. एका पोलिसाने विचारलं, "तूही यांच्यातलीच का?"

"नाही," मी म्हटलं, "मी नुसती बघत होते."

आत्या, डफ माझ्या हातात होता.

रोशेलने ते ऐकलं. तिला बेड्या घालून गाडीत बसवलं. संध्याकाळी सोडलं म्हणे. मी साधा फोनही केला नाही. व्हिसा, बाबांचं "भानगडीत पडू नकोस"... कारणं भरपूर होती.

गुरुवारी तिच्या घरी गेले. ती दारातच म्हणाली, "व्हिसाची भीती मला कळते गं. आधी बोलली असतीस तर मीच तुला घरी पाठवलं असतं. पण तू आमच्यातली नाहीस, हे त्याला सांगायची काय गरज होती?"

मी विचारलं, "शनिवारी येऊ?"

"ते तुझं तू ठरव."

काल गेले. पाऊण तास वाजवला, बोटं सोलली. तिच्या नव्वदीच्या आजीने आपलं नाव स्वतः पुकारलं, तेव्हा सगळ्या रडल्या. पण पोलीस आलेच नाहीत! बाकीच्या खूश होत्या. मी एकटीच रस्त्याकडे बघत वाजवत राहिले. ते आले असते तर मी काय केलं असतं? अजून माहीत नाही. निघताना रोशेल माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या शनिवारी दहा वाजता."

तुमच्या जलशावर दगड पडले तरी तू गात राहिलीस, असं बाबा नेहमी सांगतात. तू स्वतः कधीच सांगितलं नाहीस. आत्या, शनिवारच्या आत खरं कळव. तुझा आवाज एकदाही बंद पडला नव्हता?

घाबरलेली, तरी तुझीच,
अबोली