ब्रेकच दाबला होता

वासणा, बडोदे
रविवार, सकाळ

प्रिय कौमुदी,

फोन सोडून बाबा पत्र लिहायला का बसले, याचं तुला नवल वाटेल. आईलाही वाटलं. तिने चष्मा आणून दिला आणि स्वयंपाकघरात गेली. फोनवर मी अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो, हे तुम्हा दोघींना पाठ आहे. आज गिळायचं नाही, असं ठरवलंय.

गेल्या महिन्यातल्या अपघाताबद्दल मी तुला एवढंच सांगितलं होतं, की पार्किंगमधून काढताना मी ब्रेकच दाबला होता, तरी गाडी आपोआप सुटली, पिलाजीरावांच्या मनगटाला लागलं आणि मी सुखरूप आहे. आता नीट सांगतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मला सयाजीगंजला चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. पिलाजीराव फाटकाशी उभे राहून पेपर चाळत होते. त्यांना पाहून मी ब्रेक दाबला, आणि थांबायचं सोडून गाडी पुढे झेपावली. मी आणखी जोर दिला, ती आणखी पळाली. चार कुंड्या फोडून वॉचमनच्या केबिनवर आदळली तेव्हा कुठे थांबली. वॉचमन पाणी भरायला गेला होता म्हणून केबिन रिकामी होती. पिलाजीरावांनी बाजूला उडी घेतली आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. ते हातभर अलीकडे असते, तर मी आज कुणालाच पत्र लिहिण्याच्या लायकीचा उरलो नसतो. 

पुढचे पंधरा दिवस सोसायटीच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे गाडी चालवणारा प्रत्येक माणूस अर्धा इंजिनिअर असतो. लक्ष्मीकांत तर पूर्ण आहे, रिफायनरीतून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, आता पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते, कॉम्प्युटर असतो. त्याचं डोकं फिरलं की माणसाच्या हातात काही राहत नाही. मोहनरावांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. ते म्हणाले, कसला कॉम्प्युटर घेऊन बसलास, पायाखालची मॅट सरकून पेडलवर अडकली असणार. आणि मुळात जिला क्लच नाही ती गाडीच नव्हे. क्लच असता तर डाव्या पायाने तिचा जोर तोडता आला असता. दोघांची रोज जुंपायची, चहा गार व्हायचा. मग पिलाजीराव प्लास्टरमधला हात वर करून निकाल द्यायचे, “चालसे हवे, पुरे आता! रमाकांत चाळीस वर्षं गाडी चालवतोय. तो म्हणतो ब्रेकच दाबला होता, म्हणजे दाबला होता.”

या सगळ्यांत पाय चुकला का, असं मला एकानेही विचारलं नाही. खरं सांगतो, मला ते फार बरं वाटत होतं. लक्ष्मीकांतने गाडीच्या कंपनीविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. एकतीस सह्या झाल्या. पहिली सही पिलाजीरावांची, डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी.

गाडी पाणीगेटला मयंकच्या गॅरेजमध्ये होती. मयंकला तू पाहिलेलं नाहीस. पस्तिशीचा आहे, बोलतो कमी. त्याने दुपारी, गॅरेजात कुणी नसताना, मुद्दाम मला एकट्याला बोलावलं. सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याने फोनवर मागवून घेतलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी वीसवीसदा पाहिलं होतं. तो म्हणाला, “काका, पिलाजीकाकांकडे नका बघू. गाडीच्या मागच्या लाइट बघा.” मी पाहिलं. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात ना? सुरुवातीपासून आदळेपर्यंत ते एकदाही लागले नाहीत. मी म्हटलं, बल्ब गेले असतील. तो गाडीत बसला, त्याने ब्रेक दाबला, दोन्ही दिवे लख्ख लागले. मी मॅटचा विषय काढला. ती आपल्या हुकांत घट्ट बसलेली होती. मग माझा आवाज चढला. कंपनीने तुला काय सांगून ठेवलंय, असंही मी त्याला बोललो, कौमुदी. मला त्याची लाज वाटते.

तो रागावला नाही. स्टूल पुढे ओढून म्हणाला, “बूट काढो ने, काका.” मोजाही काढायला लावला आणि डोळे मिटायला सांगितलं. मग पेनाचं टोपण उजव्या पायाच्या एकेका बोटाला लावून विचारू लागला, “बोलो, कई आंगळी?” मी म्हटलं, अंगठा.  त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, शेजारचं बोट.  मी डोळे उघडले तर टोपण करंगळीला टेकलेलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्यासारखा त्याच्या वडिलांनाही मधुमेह होता. त्यांचे पाय असेच बधिर झाले होते. तो म्हणाला, पाय कुठे ठेवलाय हे पायालाच कळलं नाही, तर मनाला वाटतं ते खरं वाटतं. तुम्ही ब्रेकच दाबत होता, फक्त पाय ब्रेकवर नव्हता. आणि मग म्हणाला, “मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं. तळव्यांची जाणीव बरीच गेली आहे. औषध, पायांची काळजी, आणि गाडी बंद. माझी चप्पल पायातून निसटते आणि मला चार पावलांनंतर कळतं, असं आई दोनदा म्हणाली होती. मी चपलेला नावं ठेवली होती.

तक्रार उद्या सोमवारी जायची होती. काल संध्याकाळी मी सगळ्यांना घरी बोलावलं आणि सांगून टाकलं. चुकून एक्सलरेटर दाबला, गाडीत काही दोष नव्हता. पिलाजीरावांकडे बघायची हिंमत होत नव्हती. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, “पायांना औषध सुरू केलंस का?” मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, “कंपनीशी भांडायला मजा आली असती. तुझ्याशी काय भांडायचं? चहा सांग वहिनींना.” लक्ष्मीकांतने तीन पानं घडी करून खिशात टाकली आणि म्हणाला, बिचाऱ्या कॉम्प्युटरची मी उगाच बदनामी केली. सगळे हसले. मोहनराव मात्र हसले नाहीत. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून त्यांचा सत्कार झालेला. ते खाली बघत म्हणाले, एकदा डेपोत माझाही पाय असाच चुकला होता. पुढे भिंत होती, माणूस नव्हता, एवढंच. सगळ्यांना सांगितलं, ब्रेकचं एअर प्रेशर गेलं. आज पहिल्यांदा खरं बोलतोय.

सगळे गेल्यावर आई आणि मी कपबशा उचलल्या. किती मायेची माणसं भेटली मला! मयंकने सत्य सांगितलं, पण मला उघडं पाडलं नाही. पिलाजीरावांनी मोडका हात विसरून माझ्या पायांची चौकशी केली. अडुसष्टाव्या वर्षी एवढी मोठी चूक करून मी घरात ताठ मानेने चहा पितोय, तो या लोकांच्या जिवावर.

आणि हेच मी तुला दिलं नाही. तू वीस वर्षांची होतीस. शिकाऊ परवाना मिळून महिना झाला होता. आपली गाडी तू फाटकावर घातलीस आणि उतरून म्हणालीस, “बाबा, मी ब्रेकच दाबला होता.” मी शेजाऱ्यांसमोर, तुझ्या काकांसमोर ओरडलो, गाड्या आपोआप पळत नसतात; एक तर चूक केलीस, वर खोटं बोलतेस! तुझ्या कपाळाला खोक पडली होती, ती आईने पाहिली. मी बंपर पाहत होतो. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. अठरा वर्षं झाली. नाशिकला भर पावसात रिक्षा शोधत उभी राहतेस, आणि कारण कुणाला सांगत नाहीस. गेल्या महिन्यात मी तुला फोनवर तेच वाक्य बोललो. तू आधी विचारलंस, “बाबा, तुम्हाला कुठे लागलं का?” मग म्हणालीस, “तुम्ही म्हणताय ना, मग ब्रेकच दाबला असेल.” तेव्हापासून मला नीट झोप नाही. ते वाक्य माणूस किती खरेपणाने बोलतो, हे आता मला माझ्याच तोंडून कळलंय. तू गाडी चालव किंवा चालवू नकोस, ती तुझी मर्जी. मला फक्त एवढं कागदावर, माझ्या सहीनिशी, तुझ्या हातात द्यायचं होतं: त्या दिवशी तू खोटं बोलली नव्हतीस.

तुझाच,
बाबा