बीव्हरचा टोप

६ जानेवारी, मंगळवार

सेमिनारच्या विषयाची चिठ्ठी उघडली — "उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी आणि युरोपीय यांच्यातील फरचा व्यापार." पनवेलच्या उकाड्यात फर! मैत्रीण रियाला मात्र कर्नाळ्याचा किल्ला मिळाला.

नीता मॅडम म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी सेमिनार. कागद वाचून दाखवलास तर शून्य." गेल्या सत्रात मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी एम.ए.ला केवळ न बोलल्यामुळे नापास होणार.

९ जानेवारी, शुक्रवार

काय विलक्षण प्रकार! युरोपात बीव्हर नावाच्या पाणथळ प्राण्याच्या लवेचे टोप घालण्याची टूम होती. पण नव्या कातड्यापेक्षा मूलनिवासींनी हिवाळाभर पांघरलेले, घामाने मऊ झालेले, राठ केस झडलेले कातडे अधिक मोलाचे! बदल्यात किटल्या आणि सुऱ्या. मूलनिवासीही चोखंदळ — किटली पातळ निघाली तर नाकारत. वापरून जुने झालेले पांघरूण हौसेने नेणाऱ्या या गोऱ्यांना ते आपापसांत हसत.

पुढे बीव्हर संपत आले, देवीच्या साथी आल्या, जमिनी गेल्या. हसताना हे कोणाला ठाऊक होते?

आईला सांगितले. भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग ते गोरे बोहारीच की! जुनं न्यायचं नि भांडं द्यायचं."

तीन दिवस वाचूनही हे वाक्य मला सुचले नव्हते.

११ जानेवारी, रविवार

आरशासमोर सराव केला. आरशासमोरही बोलवेना! हातात काहीतरी हवे. आईजवळ सहज म्हणाले, "सेमिनारला एखादा टोप मिळाला असता तर बरे झाले असते."

टोप कुठून मिळणार? आईची जांभळी सुती साडी नेईन. लहानपणापासून मी तीच पांघरते. विटकी, मऊ — हुबेहूब बीव्हरचे कातडे. आईला हे सांगितले नाही, हसली असती.

१२ जानेवारी, सोमवार

साडी सापडत नाही!

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुपारी गुणाबाई बोहारीण येऊन गेली. आईने अभिमानाने माझ्यासमोर स्टीलचा टोप ठेवला. "तुला पायजेल व्हता ना? घे. आदी पातल टोप देत व्हती, मी वाजवून बगितला नि परत केला. नवीन साडी दावली तर नको म्हंते! ती जांभलीच पायजेल, मऊ हाय म्हंते."

"आई, टोप म्हणजे डोक्यावर घालायचा!"

"डोक्यावर?" तिने तो उलटा करून माझ्या डोक्यावर ठेवला. "बसतो की!"

मी आतल्या आत रडले. टोपात आवाज फार घुमतो.

१३ जानेवारी, मंगळवार

दुसरे काहीच नव्हते, म्हणून टोपच नेला.

हृतिक मागच्या बाकावरून ओरडला, "खिचडी आणली का गं?" सगळा वर्ग हसला. मी टोप घट्ट धरला आणि तोंडातून निघाले, "हा टोप म्हणजे माझ्या आईची साडी आहे."

मग मी थांबेचना. साडी, कातडे, गुणाबाई, किटल्या, उलटा टोप — सारे सांगितले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "अगं, इतरांनाही वेळ ठेव!" मग त्यांनी विचारले, "यात फसलं कोण?"

मी म्हणाले, "दोन्ही बाजूंना समोरचाच वेडा वाटत होता. जमीन मात्र एकाच बाजूची गेली."

हृतिकने टोप बसस्टॉपपर्यंत धरला.

१८ जानेवारी, रविवार

गुणाबाई आली. मी आपण होऊन विचारले — मी! — साडीचे काय झाले?

"नेऱ्याच्या फार्महाऊसवर दिली, ताई. तिथली म्याडम गोधड्या शिवून घेती, क्यानडात इकती. तिकडच्यांना नवं कापड चालत नाय. अंगावर वापरलेलंच पायजेल."

मी उंबऱ्यातच बसले. आईने मात्र पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली, "येडी हायत का गं ती मानसं?"

मग उरलेल्या साड्या काढायला आत गेली.