पापडांच्या अंगणातलं ऊन

बाबा, आपली चाळ पाडायला घेतली आहे. वरचे पत्रे उतरवले, जिन्याचे कठडे कोणीतरी विकूनही टाकले, आणि तिथे जे उभं राहायचं आहे त्याचे नकाशे माझ्या टेबलावर आहेत. हसू येईल तुम्हाला. चाळ कमिटीने अर्ध्या मुंबईतले आर्किटेक्ट पालथे घातले आणि शेवटी म्हणाले, आपल्याच मुलीला देऊ, ती तरी आपल्याला फसवणार नाही. मी मान डोलावली आणि काम घेतलं. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. ते भांडण आता लिहूनच काढावं म्हणून बसले.

काल रिकाम्या खोलीत जाऊन आले. मोजमापं केव्हाच झाली आहेत, जायचं काही कारण नव्हतं. पुढची खोली ओलांडून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्याचा कडप्पा कोणीतरी काढून नेला आहे, पण खिडकीखालच्या भिंतीवरचा ओलीचा डाग तसाच आहे, हिरवट काळा. एवढे रंग दिले आपण त्याच्यावर, तो प्रत्येक वेळी वर आला. खिडकी उघडली. समोर तुम्ही बसवलेली बिल्डिंग. बाहेर सकाळ चांगली चढली होती, रस्त्यावर माणसं डोळ्यांवर हात धरून चालत होती, आणि स्वयंपाकघरात मला माझ्या हातातला फोन पेटवावा लागला. तेवढ्यात मागे आई खोकली. खरंच सांगते, मी वळून बघितलं.

ही बिल्डिंग नव्हती तेव्हा तिथे तबेला होता, तुम्हाला आठवत असेल. ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर, मी बारावीला, आणि म्हशींच्या वासाची इतकी सवय की पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला तर आम्हालाच राग यायचा. तुम्ही एका आर्किटेक्टच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होता. आजोबांनी गिरणीत जन्म काढला, तुम्ही नोकरी करून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, त्यामुळे तुमच्या शर्टाला येणारा नकाशांच्या प्रिंटच्या अमोनियाचा वास आईला अत्तराच्या जागी होता. रविवारी तुम्ही मला घेऊन फिरायचात. कुठे, तर चेंबूरला बंगल्यांच्या गल्ल्यांत, माहुलला कोळ्यांच्या घरांमागे, कधी मुलुंड, कधी होडीतून पार गोराईला. इतर मुलींचे वडील त्यांना चौपाटीवर न्यायचे. तुम्ही मला लोकांच्या दारासमोर उभं करून विचारायचात, "बघ, दाराबाहेर काय चाललंय?" माहुलला जाळी पसरलेली असायची, चेंबूरला म्हातारे झाडाखाली पेपर वाचत बसलेले असायचे. "ते जे दाराबाहेर चाललंय ना, ते चालू राहिलं पाहिजे. मग हवी तेवढी उंच बिल्डिंग काढ. सगळीकडे एकच बिल्डिंग कशी चालेल? चेंबूरची उचलून इथे ठेवलीस तर ती इथल्या माणसांचं काहीतरी खाणारच." मला भूक लागलेली असायची आणि तुम्ही बिल्डिंगच्या भुकेबद्दल बोलत असायचात. तरी त्याच रविवारांनी मला या धंद्यात आणलं, ते नाकारत नाही.

मग तबेला विकला गेला. बारा मजल्यांचं काम तुमच्याच ऑफिसात आलं. तेव्हाच्या घाटकोपरला बारा मजले म्हणजे लोक मान वर करून मोजायचे. तुमचे साहेब भला माणूस. ते म्हणाले, तुमच्या दारातली बिल्डिंग आहे, प्लॉटवर कुठे बसवायची ते तुम्हीच ठरवा, मी सही करतो. केवढे खूश होऊन घरी आलात तुम्ही. आईला म्हणालात, "साहेबानी माझ्यार सोडल्यानी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाट मांडलात.

तुमची ती पद्धत मी नंतर कुठल्याच ऑफिसात पाहिली नाही. पाटावर आगपेट्यांची वस्ती मांडायची, टूथपेस्टचा खोका म्हणजे टॉवर, आणि आपल्या खिडकीतून फरशीवर येणाऱ्या सकाळच्या उन्हात तो पाट ठेवून हळूहळू फिरवायचा. सूर्य आपल्यासाठी हलणार नाही, म्हणून वस्ती फिरवायची. हिवाळ्यासाठी पाटाखाली आईचं लाटणं सारून तो तिरपा करायचात. आई पाठीवर ऊन घेत तिथेच बसलेली, तिला दमा होता आणि डॉक्टरांनी सकाळचं ऊन सांगितलं होतं. ती म्हणायची, "माझा ऊन अडयतात ह्ये." आणि तुम्ही दोघं हसायचात. मीही हसले होते.

त्या पाटावर दोनच गोष्टी निघत होत्या. प्लॉटच्या उत्तरेला बैठी चाळ आणि तिचं मोठं अंगण, तिथल्या गुजराती बायका त्या अंगणात पापड वाळवायच्या. घरं त्याच्यावर चालायची त्यांची. टॉवर उत्तरेच्या बाजूला घेतला, की सगळा हिवाळा त्या अंगणावर दिवसभर सावली. तो दक्षिणेकडे सरकवून पश्चिमेच्या कडेला, म्हणजे आपल्या चाळीला खेटून घेतला, की त्यांचं अंगण मोकळं, आणि आपल्या मागच्या खिडक्यांतली सकाळ कायमची बंद. तुम्ही टूथपेस्टचा खोका इकडून तिकडे, तिकडून इकडे किती वेळा ठेवलात. शेवटी तो आपल्या आगपेटीला खेटून ठेवलात. मी म्हटलं, "बाबा, तिकडे सरकवा ना. त्यांचं ते बघतील." तुम्ही आयुष्यात माझ्यावर फारसे ओरडला नाहीत, त्या दिवशी ओरडलात. "घरच्यांसाठी पेन्सिल हलवायची नाही! बिल्डिंग कुठेही उभी कर, सावली कुठेतरी पडणारच. आपल्याला निस्ती थंडी वाजेल. त्यांची चूल बंद होईल." आई तेव्हा नळावर होती. तिने हे काही ऐकलं नाही.

बिल्डर शेठसुद्धा चक्रावला होता. आपल्या गॅलरीत उभा राहून म्हणाला, "मास्तर, अपनेही घर के सामने? येडा झाला काय? मला काय, माझे फ्लॅट इथे पण विकणार, तिथे पण विकणार." तुम्ही त्याला चहा दिलात.

पायाचा पहिला खड्डा पडायच्या आधीच तुम्ही ट्यूबलाइट घेऊन आलात. चाळीत तेव्हा स्वयंपाकघरात ट्यूब कोणाकडेच नव्हती, पिवळा बल्ब असायचा. आई बिचारी हरखली, शेजारणींना बोलावून दाखवलं. मग म्हणाली, "पन माझ्या न्हानीयेवढ्या स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या येवढो उजेड कित्याक व्हयो?" तुम्ही स्टुलावर उभे, पट्टी बसवत होता. खाली न बघता म्हणालात, "लागतलो." बस, एवढंच. तिला सांगायची तीच वेळ होती बाबा. ती खाली स्टूल धरून उभी होती, वर तोंड करून हसत होती. मला सगळं माहीत होतं आणि मी वाट बघत होते की आता तुम्ही सांगाल.

बिल्डिंग चढत गेली तसं ऊन भिंतीवरून वर वर सरकत गेलं आणि एक दिवस खिडकीतून निघून गेलं. सूर्य तिच्या डोक्यावर येईपर्यंत आपल्या छपरावर पोचलेला असायचा. पहिल्याच पावसाळ्यानंतर डाग आला. डाळीच्या डब्यांना वास येऊ लागला, कपडे वाळेनात, आईचा श्वास सकाळीच अडकू लागला. तेव्हा तिने काय केलं ते आठवतं ना? सकाळचं आटपून, दोन मजले उतरून ती पापडांच्या अंगणात जाऊन बसायला लागली. तिथल्या सगळ्यात मोठ्या बेन तिच्यासाठी पाट ठेवायच्या. "आवो भाभी, हितं बसा, हितं तडको, ऊन सरस आहे." ती त्यांच्याबरोबर पापड लाटायची, पाठ उन्हाला देऊन, आणि दुपारी घरी यायची ती तोंडावर रंग घेऊन. मी कॉलेजला जाताना वरून बघायचे. तुम्ही वाचवलेल्या उन्हात आई बसलेली असायची. मला वाटायचं, चला, निभावलं.

पण दोन मजले उतरण्याइतकाच दम तिच्यात होता, आणि तो संपला. पुढच्या हिवाळ्यात ती जिन्यापर्यंत जाऊन परत यायला लागली. तुम्ही म्हणालात, गावी जाऊ. ती नको म्हणाली. तुम्ही तिला उचलून खाली न्यायचं म्हणालात, तिला लाज वाटली. ती ट्यूबखाली बसून राहायची, त्या पांढऱ्या उजेडात तिचे ओठ निळे दिसायचे. असंच एकदा तुम्ही तिला वाफ देत होता. ती टॉवेलखालून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "त्यांका ऊन दिलात ता बरा केलात. त्यांची पोरां जेवतत. पन माका एकदा इचारूक व्हया होता." तिला कोणी सांगितलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी नव्हतं सांगितलं. तुम्ही पातेलं उचललंत आणि मोरीत ओतायला गेलात, आणि पाणी ओतून झाल्यावरही तिथेच उभे राहिलात.

ती गेल्यावर तुम्ही रोज सकाळी त्या खिडकीत उभे राहायचात, ऑफिसला उशीर होईपर्यंत. मला वाटायचं, तुम्ही बिल्डिंग बघताय. एकदा बाजूला येऊन बघितलं तर तुमची नजर फरशीवर होती, जिथे पाट ठेवायचात तिथे. मी तेव्हा आर्किटेक्चरच्या कॉलेजात होते, सावलीचं गणित शिकत होते, आणि मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्हीही बोलायला आला नाहीत. मग तुम्हीही गेलात. आता मला त्या वयाच्या तुमच्यापेक्षा जास्त पांढरे केस आहेत, आणि एकच गोष्ट तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसली आहे. तुम्ही तिला विचारलं का नाहीत? ती नाही म्हणाली असती म्हणून? की ती हो म्हणाली असती, आणि मग ते तुम्हाला सोसलं नसतं म्हणून? आता सावल्या कॉम्प्युटरवर दिसतात, बोटाने सूर्य फिरवता येतो. मी सूर्य फिरवते, सावली घरांवरून सरकायला लागते, आणि मला खोकला ऐकू येतो. प्रत्येक कामाला. ऑफिसातली मुलं समजतात, मॅडम विचार करतायत.

म्हणून मी आयुष्यभर विचारत आले. जिथे काम घेतलं तिथे आजूबाजूच्या दारांत जाऊन बसले, लोकांना विचारलं. आणि आता आपल्याच चाळीचं काम. तुमचं नशीब माझ्याकडे चालत आल्यासारखं, प्लॉटवर पुन्हा दोनच गोष्टी निघतात. टॉवर उत्तरेच्या कडेला घेतला तर तो तुमच्या बिल्डिंगच्या सावलीतून सुटतो, आपल्या लोकांच्या घरांत लख्ख ऊन, आणि गल्लीपलीकडची ती बैठी चाळ अंधारात. दक्षिणेला सरकवला तर बैठी चाळ वाचते, पण तिकडे आता आणखी एक उंच बिल्डिंग आहे, तिच्या आडोशाला आपल्या लोकांचे खालचे मजले काळोखात जातात. आपले जुने भाडेकरू नव्या बिल्डिंगमध्ये सगळे खालच्याच मजल्यांवर. पापड तिथे आता कोणी लाटत नाही. ज्या अंगणासाठी तुम्ही आईचं ऊन दिलंत, तिथे स्कूटरच्या सीटा तापतात. तरी एका कोपऱ्यात हिवाळ्यात तिथल्या म्हाताऱ्या बसतात, मी बघून आले.

मीटिंग घेतली. सगळं समजावलं आणि विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, "ताई, असं विचारतात का कधी? आपल्याला ऊन पाहिजेच ना. त्यांचं ते बघतील." माझंच वाक्य, बाबा, जसंच्या तसं. आणि आपल्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली मावशी, नव्वदीला आली आहे, काठी टेकत उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझी आवस त्या काळोखान गेली. तू इसारलंस काय गो?" मीटिंग तिथेच मोडली. मी नकाशे गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवर दक्षिणेला सरकवला. कोणालाही न सांगता. नकाशा कमिटीला वाचता येत नाही, पाहून छान आहे म्हणाले, सह्या झाल्या. मला मिळणारं घर त्याच काळोखात येतं, पण त्याने काही फिटत नाही, मला दमा नाही. मावशीला आहे. विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं, आणि तरी माझा हात तुमच्यासारखाच चालला. सरकवताना एकदाही अडला नाही, याचीच जास्त भीती वाटते.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. कुठे तुमच्या फोटोमागे सारणार नाही, की गावी जाऊन समुद्रात सोडणार नाही. तुम्हाला पोचू नये असंच मला वाटतं. आईला अक्षर येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की ती हात पुसत तुमच्यासमोर येऊन बसायची आणि तुम्ही तिला सगळं वाचून दाखवायचात, वाईट बातमीसुद्धा, एक शब्द न गाळता. हेही वाचून दाखवाल. आणि तुम्ही बरोबर होता, असं मी म्हटलेलं तिने ऐकू नये.