घंगाळातला मासा

सोमवार, १२ सप्टेंबर १९६०
मासा हलेना! तुळशीला पाणी घालून आले तर घंगाळाच्या तळाशी आडवा पडलेला. बोट बुडवलं तेव्हा कुठं शेपूट हलली. सासूबाई ताटावरून उठल्या. "तो खाऊन नाई राहिला, मी कशी खाऊ?"
श्रावणात ह्यांनी बदली झालेल्या बंगाली साहेबाकडून आणला, तेव्हापासून सासूबाईंचा जीव त्याच्यात. काचेची बरणी शनिवारी तडकली. हे नवी आणायची म्हणत होते. मीच नको म्हटलं — घरात भांडी असताना! लग्नातलं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लख्ख घासलं, पाण्यात तुळशीचं पान सोडलं. तांब्याहून शुद्ध भांडं कुठलं?

मंगळवार, १३
पुन्हा घासून पाणी बदललं. कणकेच्या गोळ्या टाकल्या, तशाच राहिल्या. पाठ चोळली, गोंजारलं — काही नाही.
हे ड्यूटीवरून आले नि म्हणाले, "रश्शाले कामी येते का पाह्य!" सासूबाईंनी असं पाहिलं की हे हातपाय धुवायला गेले.
सासूबाईंच्या पोटात नुसता चहा. म्हणतात, "मासोळी गेली तं मले गावी, आमगावच्या गाडीत बसवून देजो."
त्या गेल्या तर? जूनमध्ये बाळ गेलं. त्यानंतर दोन महिने मी पलंग सोडला नव्हता. हे प्लांटवर, सासूबाई येईपर्यंत मी आणि चार भिंती. पुन्हा तसंच होईल. कोणाला सांगू?

बुधवार, १४
माशासाठी नवस बोलले. लोक हसतील. देव नाही हसणार.

गुरुवार, १५
ताक केलं. ओतायला हाताशी आला तो तांब्याचा लोटा — आणि हात थांबला. तांब्यात ताक कोण ठेवतं! कळकतं, पिणाऱ्याला मळमळतं. लहानपणी आईनं चापट मारून शिकवलेलं. धावत घंगाळाशी गेले. पाण्याच्या रेघेवर हिरवट कड! ताक ठेवत नाही त्यात जिवंत जीव ठेवला मी, वर रोज चिंचेनं घासून!
मातीची कोरी, बिनभोकाची कुंडी काढली. नळाच्या ताज्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून माठातलं कालचं घेतलं. ओंजळीतूनच हलवला. किती हलका! कुंडी सावलीत ठेवली. खायला काही नाही, हात लावायचा नाही. नुसतं बसायचं. बसले.

शुक्रवार, १६
तळाशीच आहे, पण सरळ. कल्ले संथ हलतात.

शनिवार, १७
वर आला! कणकेचा कण गट्ट केला! मी एवढ्यानं ओरडले की सासूबाई पदर सावरत आल्या. "सिंधू, हसून राहिली व तू!" दोन भाकरी जेवल्या. मी नवसाचा नारळ फोडला.

रविवार, १८
विचारलं, आता नाही ना जाणार आमगावला? सासूबाई कुंडीकडे बघतसुद्धा नव्हत्या. "मले कायचं मासोळीचं याड, पोरी? तू उठत नव्हती. मीच माह्या गुलाबले म्हटलं, घरात काही जितं आन, सिंधूले त्याच्यासाठी उठा लागन."
आणि तुमचा उपास?
"शेजारी कांताच्या घरी जेवत होती ना रोज!"