दुखवट्याच्या वर्षातली मॅच

१७ ऑगस्ट, रविवार

उठली एकदाची माझी नैना! बारा वाजता. केसांचं घरटं झालेलं, पण काय गोड दिसते! नाक बापाचं, भुवया बापाच्या. म्हटलं, थालीपीठ लावू? "जस्ट वन, आज्जी." खाल्ली तीन! नात पोटभर खाते हे बघण्यासारखं सुख नाही बाई.

टोमॅटो शेजारच्या डेव्हने दिलेत. हा डेव्ह विस्कॉन्सिनचा, तिथल्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमवाला. आमचा प्रसन्न, नैनाचा बाप, पक्का लायन्सवाला, म्हणजे इथल्या टीमचा. कुंपणावरून दोघं असे भांडायचे की मला वाटायचं आता हाणामारी होते! मग एकमेकांना बिअर द्यायचे. दरवर्षी या दिवसांत डेव्हच्या दारात पॅकर्सचा हिरवा झेंडा लागतो. यंदा नाही लावला. का बरं?

१९ ऑगस्ट

मला कमी ऐकू येतं असं यांना वाटतं. येतं चांगलं! आसावरी, माझी सून, स्वैपाकघरात लेकीला सांगत होती — "यंदा मॅच नको गं लावायला. बाबाला जाऊन वर्ष झालं नाही. आजींना नाही आवडणार." नैना म्हणाली, "फाइन. मी तशी पण संडेला घरी येणार नव्हते."

माझाच नियम माझ्या अंगावर आला. पाडव्याला मीच म्हटलं होतं — घरातला कर्ता गेलाय, वर्षभर सण नाही, तळण नाही. पण मॅच म्हणजे सण का?

म्हटलं तर सणच. प्रसन्न आठवडाभर गाड्यांच्या कंपनीत. मान वर करायला फुरसत नाही. रविवारचे ते तीन-चार तास तेवढे तो माझा. नैना कॉलेजातून यायची, बापलेक निळे शर्ट घालून बसायचे. मी शेजारी भाजी निवडत. मला शिकवलं त्याने — चार वेळा संधी, दहा यार्ड पुढे जायचं. चौथ्या वेळी बाकीचे घाबरून बॉलला लाथ मारतात, समोरच्याला देऊन टाकतात. "आई, आपले लोक देत नाहीत. धावतात!" हे सांगताना लहानपणीसारखा दिसायचा.

मेथी निवडायला घेतली की अजून उजवीकडे सरकून बसते. त्याची खुर्ची डावीकडे.

२० ऑगस्ट

नैनाला सरळ म्हटलं, लाव की तुझी मॅच. "इट्स ओके, आज्जी. माझ्यासाठी नको करू." आसावरीला म्हटलं, मला चालेल. ती रडायलाच लागली — "आई, तुम्ही आमच्यासाठी मन मारताय."

२४ ऑगस्ट

नैना गेली ॲन आर्बरला, कॉलेजात. लाडवांचा डबा दिला. कधी येशील विचारलं तर "वी'ल सी."

ही पोर रडलेली नाही. नोव्हेंबरात प्रसन्न गेला तेव्हाही नाही. भेटायला आलेल्यांना चहा देत होती! सगळे म्हणाले, किती धीराची. मला त्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटते. लायन्स जिंकत सुटले होते तेव्हा. जानेवारीत हरले. आमच्याकडे टीव्ही बंदच होता. त्याला तर कळलंच नाही.

२९ ऑगस्ट

देवळातल्या गुरुजींना फोन केला. दुखवट्याच्या वर्षात फुटबॉल चालतो का? हसले. "आजी, हे पोथीत नाही हो!" मग कळलं, गुरुजीसुद्धा बघतात! लायन्सचे दोन मोठे मास्तर, म्हणजे कोच, सोडून गेलेत म्हणे, आणि मधला बॉल देणारा धिप्पाड गडी रिटायर झाला. प्रसन्न असता तर दोन दिवस जेवला नसता. पहिलीच मॅच पॅकर्सशी. डेव्हच्या टीमशी!

शेवटी म्हणाले, "सण आपण करायचा नाही. पण दुसऱ्याने ताट आणून दिलं तर परत पाठवू नये."

अगं बाई, खरंच की! हे गेले त्या दिवाळीला शेजारची सुलभा डबा भरून फराळ घेऊन आली होती. आपल्या चुलीवर कढई नव्हती, पण पोरांच्या तोंडात चकली पडली होती.

१ सप्टेंबर

नैनाला म्हटलं, आसावरीला म्हटलं, गुरुजींना विचारलं. आता चौथी वेळ. लाथ नाही मारायची!

कुंपणापाशी गेले. डेव्ह गवत कापत होता. मी म्हटलं, "संडे. यू कम. यू ब्रिंग फुटबॉल." त्याने मशीन बंद केलं. "यू शुअर, आज्जी?" नैनाचं ऐकून तोही आज्जीच म्हणतो. मग काहीतरी पुटपुटला. मला एवढंच कळलं — झेंडा लावायचं मनच झालं नाही. एवढा दांडगा माणूस, डोळे भरून आले त्याचे. म्हटलं, "फ्लॅग पुट!"

३ सप्टेंबर

नैनाला फोन केला. म्हटलं, रविवारी डेव्ह येतोय आपल्याकडे मॅच बघायला, ती पॅकर्सवाल्यांची चीजच्या तुकड्यासारखी टोपी घालून.

मग — "बसणार कुठे? बाबाच्या चेअरवर?"

"बसेल की. रिकामीच आहे."

"नो वे!" आणि फोन ठेवला.

७ सप्टेंबर, रविवार

आली! बापाचा निळा शर्ट घालून, गुडघ्यापर्यंत येतो तिला. थेट खुर्चीत जाऊन बसली, पाय वर घेऊन. डेव्ह मुकाट्याने सोफ्यावर, डोक्यावर तो पिवळा चीजचा तुकडा. भलतंच ध्यान! मोठं भांडं भरून राजम्याच्या उसळीसारखं काहीतरी आणलंय. मांस घातलं नाही, आठवणीने. टीव्ही आसावरीनेच लावला.

सुरू होतेय. मी मेथी घेते.

८ सप्टेंबर

हरलो. जिंकूनही डेव्ह ओरडला नाही, टोपी काढून मांडीवर घेतली. नैना म्हणाली, "बाबा किती चिडला असता ना, आज्जी," आणि रडायला लागली. हमसून हमसून. आसावरी तिचे डोळे पुसायला उठली, मी आसावरीचा हात धरून ठेवला. रडू दे. यंदाच्या अजून सोळा मॅच आहेत.