साडेतीन हातांपलीकडचा समुद्र

रिसोड,
भाद्रपद शुद्ध षष्ठी, सन १९७६

प्रिय ललिता,

एवढे दोन शब्द लिहून मी बराच वेळ थांबलो. सासऱ्याने सुनेला थेट पत्र लिहावे असा आपल्या घराचा रिवाज नाही. पाकिटावरचे माझे अक्षर पाहून तुझा हातही क्षणभर अडखळला असेल. घाबरू नकोस, घरी सर्व कुशल आहे. आजवर तुझी जी पत्रे आली ती तुझ्या सासूबाईंच्या नावाने आली. त्यांना अक्षरओळख नाही, तेव्हा ती सारी मीच वाचून दाखवली, आणि मीच वाचणार हे लिहिताना तुलाही ठाऊक असे. 'बाबूजींना सांगावे की इकडे थंडी पडली' असे तू लिहायचीस. मी ते मोठ्याने वाचायचो, आणि सासूबाई लगेच माझ्याकडे वळून, "ऐकलं का, तिकडं थंडी पडली म्हने," असा तुझा निरोप मला पोहोचता करायच्या. सात वर्षे हे असे चालले आणि आम्हां दोघांपैकी कोणालाही त्यात हसू आले नाही.

इकडे पाऊस बरा झाला आहे. मूग घरात आला, तूर कमरेला लागली आहे. चातुर्मासासाठी यंदा साध्वीजी आपल्या जैन स्थानकात उतरल्या आहेत आणि सकाळचे व्याख्यान मी सहसा चुकवीत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांची जीभ पूर्वीसारखीच निरोगी आहे. थोरला पूनमचंद दुकान नीट सांभाळतो.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो. केशरीचंदने दुकान सोडून तुला घेऊन कोकणात जाण्याचे ठरवले, समुद्राकाठी चार खोल्यांचे कौलारू घर घेतले आणि आल्यागेल्याला उतरायला जागा देऊ लागला, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "सुनेला खानावळवाली करतोस?" तो माझा धाकटा मुलगा, उलट उत्तर कधी न देणारा. त्याने तेव्हाही दिले नाही. मात्र दर वर्षी मार्गशीर्ष लागला की त्याचे पत्र येई. 'बाबूजी, आता समुद्र शांत आहे, हवा कोरडी आहे, किनाऱ्यावर सकाळी चालण्यात फार सुख आहे. एकदा या.' असे चार हिवाळे त्याने बोलावले. मी गेलो नाही. जेथे कोळ्यांची जाळी दारापुढे वाळत घालतात, जेथे रोज सहस्रावधी जीव तडफडत किनाऱ्यावर येतात, तेथे श्रावकाने हवापालटाला जावे हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते. निदान मी स्वतःला कारण तेच सांगत असे. पाचव्या हिवाळ्यात पत्र आले नाही, कारण तापाचे निमित्त होऊन तो आधीच निघून गेला होता.

तू परत येशील अशी सर्वांची समजूत होती. मूल नाही, बाळ नाही, एकटी बाई तेथे काय करणार, असे समाजातले लोक दुकानात येऊन विचारीत. दोन वर्षे झाली तरी तू आली नाहीस. मग पूनमचंदने त्या घराला एक ग्राहक पाहिला आणि तुझे सामान बांधून तुला घेऊन येण्याचे काम माझ्याकडे आले. गेल्या पौषात, 'मोकळ्या हवेने श्वासाला बरे वाटेल' असे पत्र सासूबाईंच्या नावाने तुला पाठवून मी जो आलो, तो ह्यासाठी आलो होतो. तुला ते पहिल्याच दिवशी कळले असावे. एवढी मोठी आणि रिकामी ट्रंक घेऊन कोणी हवा खायला येत नाही.

चार बस बदलून मी तुझ्या दारात उतरलो, तेव्हा प्रथम ती पाटी दिसली. अक्षर केशरीचंदचे. 'उतरण्याची सोय. जेवण शाकाहारी. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी.' समुद्राकाठी मासे न देणारे आणि दिवेलागणीला चूल विझवणारे घर कसे चालत असेल, ह्याचा मी अंगणातच विचार करू लागलो. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी तुमच्या जिजाबाईने दिले. पुण्याहून आलेले एक गृहस्थ तिच्यावर चिडले होते, "मासे नाहीत, रात्रीचं जेवण नाही, मग तुमच्याकडे आहे तरी काय?" ती भांडी घासता घासता म्हणाली, "समुद्र हाय की. तो काय सूर्य बुडल्यावर झाकून ठेवत नाय आमी." ते गृहस्थ आठ दिवस राहिले आणि जाताना थालीपिठाची भाजणी बांधून घेऊन गेले.

आपल्या दोघांमधला रिवाज तू तेथेही मोडला नाहीस. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि बोलणे त्या भुरीशी. ते मांजर कोळीवाड्यात जेवून यायचे आणि आपल्या ओसरीवर साध्वीसारखे डोळे मिटून बसायचे. तू तिला म्हणायचीस, "भुरे, बाबूजीले सांग, पाणी उकळून ठंडं झालं." मीही तिलाच सांगायचो, "भुरे, भाजीत मीठ बरोबर आहे म्हणावं." जिजाबाई एकदा कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्या मांजरीला पगार चालू करा आता!" घुंगटाआडून तुझे हसू मी तेव्हा प्रथम ऐकले. अकरा वर्षे तू आमच्या घरात होतीस, आणि तुझे हसू मला परके वाटले.

पहिल्या सकाळी सामायिकाचे ध्यान आटोपून, उजेड पुरता फुटल्यावर, मी पायऱ्या उतरून वाळूपाशी आलो आणि तेथेच खिळलो. चालताना साडेतीन हात पुढची जमीन न्याहाळावी, उजेडात चालावे, मळलेल्या वाटेने चालावे, म्हणजे पायाखाली जीव येत नाही. हा नियम साधूंचा, परंतु मी तो पंचवीस वर्षे यथाशक्ती पाळत आलो आहे. रिसोडच्या रस्त्यावर तो पाळणे सोपे आहे. येथे मात्र समोर सारी वाळू भोकाभोकांची, प्रत्येक भोकाशी नखाएवढा खेकडा, आणि माझ्या डोळ्यांना आता वाळूचा कण कोणता व जीव कोणता हे सांगता येत नाही. मळलेली वाट म्हणावी तर ती भरतीने रात्रीच पुसून टाकलेली. जिजाबाई ओरडली, "आवो आजोबा, खेकडा काय तुमची वाट बगत बसलाय व्हय? तुमचा पाय पडंस्तवर तो बिळात!" तरी माझे पाऊल उचलेना. तेव्हा तू माझ्या बाजूने पुढे गेलीस, वाकून वाकून पाहत वीस पावले चाललीस, आणि पाठ करून उभी राहिलीस.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तुझ्या पहिल्या उमटलेल्या पावलावर पाऊल ठेवले. माझे पाऊल मोठे, ते त्यात मावेना, म्हणून मी चवड्यांवर चालू लागलो. सत्तरीचा म्हातारा अनवाणी चवड्यांवर आपल्या सुनेमागे उड्या मारीत चालला आहे, हे दृश्य कोळ्यांच्या बायकांना अनेक दिवस पुरले असेल. आपण असे चौदा दिवस चाललो. सुरूच्या झाडांपासून खडकापर्यंत आणि परत. थंडी इतकी गोड असे की शाल खांद्यावर असूनही नसल्यासारखी वाटे. चौदा दिवसांत मी तुझ्या पावलांखेरीज काहीही पाहिले नाही. लवणसमुद्राचा विस्तार दोन लक्ष योजने, हे मी पाठशाळेत मुलांना वीस वर्षे शिकवले. तो डाव्या हाताला गर्जत होता आणि माझी दृष्टी साडेतीन हातांच्या पुढे गेली नाही.

परंतु तुझी पावले मी नीट वाचली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की उजवे पाऊल पूर्ण उमटते आणि डाव्याची टाच उमटत नाही. प्रथम वाटले, वाळू तेथे टणक असेल. पण चौदाही दिवस, ओल्या वाळूत आणि कोरड्या वाळूत, टाच नव्हतीच. तुला विचारणे शक्य नव्हते, आणि भुरीकरवी असा प्रश्न विचारायचा तरी कसा?

भुरीकरवी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे मी ज्यासाठी आलो होतो ती. रोज रात्री ठरवायचो की उद्या सांगेन. सकाळी तू ओसरीवर पाहुण्यांची पाने मांडताना दिसायचीस. म्हातारा कोणी आला तर त्याला भिंतीला टेकायला जागा, लहान मूल असले तर त्याच्या वाटीत साय, आणि संध्याकाळी सर्वांचे झाल्यावर तुझे जेवण, तेही सूर्य बुडण्याआधी घाईघाईने. अतिथीला आपल्यातला वाटा काढून द्यावा, हे श्रावकाच्या बारा व्रतांतले शेवटचे व्रत. दर पाक्षिक प्रतिक्रमणात, पंधरवड्याचे दोष आठवताना, मी ते म्हणतो. ओसरीवर बसून तू ते चालवत असलेले मी पाहिले, आणि ट्रंकेत तुझे सामान भरण्याचे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

निघायच्या सकाळी आपण शेवटचे चाललो. खडकाशी पोहोचण्यापूर्वीच तू थांबलीस. मी पुढचे पाऊल शोधीत होतो, ते सापडले तेव्हा त्याचा मोहरा माझ्याकडे होता. तू वळून उभी होतीस. वाऱ्याने पदर खांद्यावर आला होता आणि तू तो सावरला नाहीस. तू म्हणालीस, "बाबूजी, वर पाहा ना."

मी वर पाहिले. कानशिलांपाशी तुझे केस पिकले आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. आणि तुझ्या मागे तो होता. डोंगराआडून आलेले ऊन नुकतेच पाण्यावर उतरले होते, लाट अशी नव्हतीच, आणि पाणी कोठे संपते व आकाश कोठे लागते ह्याची रेघ दिसत नव्हती. केशरीचंद चार हिवाळे मला हेच दाखवायला बोलावीत होता. आणि मी काय केले? मागे वळून, मागोमाग आलेल्या जिजाबाईला म्हणालो, "जिजाबाई, बसची वेळ झाली." सतरा वर्षांत तू मला उद्देशून उच्चारलेल्या पहिल्या वाक्याचे उत्तर मी तिसऱ्याच बाईला दिले. तू पदर ओढून घेतलास आणि वाट दाखवीत पुढे चालू लागलीस.

रिकामी ट्रंक घेऊन मी परत आलो. पूनमचंदने विचारले, "बीनणी काय म्हने? कवा येते?" मी म्हणालो, "तिले मी विचारलंच नाही." तो म्हणाला, "मंग पंधरा दिवस तिथं काहून राह्यले, बाबूजी?" मी म्हणालो, "चालाले." तुझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरगी अकरा वर्षं याच घरात होती, तवा नाही विचारलं, आता काय विचारतीन!" त्याच संध्याकाळी मी त्यांना तुझ्या टाचेविषयी विचारले. त्यांनी निवडायचे सूप खाली ठेवले. "तुमाले आता समजलं? लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आडावर पाय सरकला होता तिचा. दोन महिने दारात बसून दाणे निवडत होती. तुमी रोज तिच्यावरून स्थानकात जात होते, खाली पाहून." खाली पाहून मी जात होतो, हे खरे आहे. मुंगी मला दिसत होती.

पूनमचंदला मी सांगितले आहे की ते घर तुझे आहे आणि त्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. ग्राहकाला त्याने तसे कळवले. प्रथम तो रुसला होता, आता नाही. रिसोडला यावेसे वाटले तर हे दार उघडे आहे, आणि तेथेच राहावेसे वाटले तर पाटी उतरवायला तुला कोणी सांगणार नाही.

हे सर्व पौषातच लिहायला हवे होते. आज लिहितो, कारण काल संवत्सरी झाली, वर्षभराची क्षमा मागण्याचा दिवस. प्रतिक्रमणानंतर स्थानकात सारे हात जोडून एकमेकांपुढे झुकले. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मी दर वर्षी मागतो, आणि त्या वाळूतल्या खेकड्यांची मागताना मला कधी जड गेले नाही. तुझी क्षमा मात्र आजवर सासूबाईंकरवी मागितली, नाही तर घराच्या नावाने छापलेल्या कार्डावर. काल ते शब्द ओठांवर आले आणि तेथेच राहिले, कारण ज्या व्यक्तीला ते सांगायचे ती समोर नव्हती. म्हणून आज पारणे होताच लिहायला बसलो. ललिता, केशरीचंदच्या चार पत्रांबद्दल, तुझ्या टाचेबद्दल, आणि खडकापाशी तू बोललीस तेव्हा मी मान फिरवली त्याबद्दल, मिच्छामि दुक्कडं. तू म्हणालीस, वर पाहा. मी समुद्र पाहिला. फार सुंदर आहे. येत्या मार्गशीर्षात, तुझी हरकत नसेल तर, कडेची खोली माझ्यासाठी ठेव. ट्रंक आणणार नाही. तू पुढे चाल, पदर वाऱ्यावर असू दे, आणि अधूनमधून थांबून मला हाक मार. ह्या पत्राचे उत्तर माझ्या नावाने लिही. सासूबाईंना काय सांगायचे ते त्यातच लिही. निरोप मी पोहोचवीन.

तुझाच,
बाबूजी